तीन टक्क्यांतला सिनेटर

७ नोव्हेंबर १९७२ रोजी अमेरिकेत निवडणुका झाल्या. रिचर्ड निक्सन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली. हाती न लागलेले एकच राज्य मॅसॅच्युसेट्स. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांना ५४ टक्के मते पडली. पण त्याच दिवशी, त्याच मतदारांनी सिनेटच्या जागेसाठी निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या माणसाला सुमारे ६४ टक्के मते देऊन दुसऱ्यांदा निवडून दिले. त्या माणसाचे नाव एडवर्ड ब्रूक. ते काळे होते. आणि ज्या राज्याने त्यांना निवडून दिले त्या राज्यात १९७० च्या जनगणनेनुसार काळ्यांचे प्रमाण जेमतेम तीन टक्के होते.

१९७२ हे साल आपल्याला वेगळ्या कारणासाठी पाठ आहे. त्या वर्षी मुंबईत दलित पँथर जन्माला आली. तिने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हापासून आपल्या नियतकालिकांतून काळ्यांच्या साहित्यावर, त्यांच्या विद्रोहावर, त्यांच्या नकारावर पुष्कळ लिहिले गेले. माल्कम एक्स आपल्या कवितेत आले, मार्टिन ल्यूथर किंग आपल्या भाषणांत आले. ब्रूक मात्र आले नाहीत. कारण उघड आहे. ते कवी नव्हते आणि पँथरही नव्हते. कडक इस्त्रीचा सूट घालणारे, मोजून-मापून बोलणारे ते वकील होते. ज्या रिपब्लिकन पक्षात ते होते त्याचा आपल्याकडच्या रिपब्लिकन पक्षाशी नावापलीकडे काही संबंध नाही; तो बड्या भांडवलाला जवळचा पक्ष. अशा माणसाकडे विद्रोही पिढीने पाठ फिरवावी यात नवल नाही.

तरीही माझे म्हणणे असे आहे की, काळ्यांच्या साऱ्या राजकीय इतिहासात आपल्या राखीव जागांच्या प्रश्नाशी सर्वांत जवळून भिडणारे प्रकरण ब्रूक यांचेच आहे. दुसऱ्यांच्या मतांवर निवडून आलेला आपला माणूस आपला प्रतिनिधी असतो का? असला तर कुठपर्यंत? हा प्रश्न बाबासाहेबांनी आयुष्यभर मांडला. ब्रूक यांची १९७२ ची निवडणूक त्या प्रश्नाचे एक उत्तर देते, आणि ते उत्तर अपुरे कुठे पडते तेही दाखवते.

आधी सिनेट म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे. नावाने ते वरिष्ठ सभागृह, पण आपल्या राज्यसभेसारखे नव्हे. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर. मुदत सहा वर्षे. १९१३ पर्यंत त्यांची निवड राज्यांची विधिमंडळे करीत. त्या वर्षीच्या घटनादुरुस्तीने ती थेट जनतेकडे आली. म्हणजे संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ. यादवी युद्धानंतर मिसिसिपीच्या विधिमंडळाने हायरम रेव्हल्स आणि ब्लँच ब्रूस या दोन काळ्या पुरुषांना सिनेटवर पाठवले होते. ब्रूस यांची मुदत १८८१ मध्ये संपली. त्यानंतर ८६ वर्षे सिनेटमध्ये एकही काळा माणूस बसला नाही. दक्षिणेत दहशत, मतदानकर आणि साक्षरतेच्या परीक्षा यांनी काळ्यांचे मत हिरावून घेतले; उत्तरेत मत होते, पण संख्या नव्हती. जनतेने थेट निवडून दिलेला पहिला काळा सिनेटर म्हणजे १९६६ मध्ये आलेले ब्रूक.

ब्रूक मूळचे मॅसॅच्युसेट्सचे नव्हते. १९१९ मध्ये वॉशिंग्टन शहरात त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी खात्यात वकील. काळ्यांसाठी निघालेल्या हॉवर्ड विद्यापीठातून ते १९४१ साली पदवीधर झाले आणि लगेच सैन्यात गेले. अमेरिकेचे सैन्य तेव्हा वर्णावर विभागलेले होते. ब्रूक काळ्यांच्या ३६६ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये होते. हुकूमशाहीविरुद्ध लढायला इटलीत पाठवलेल्या या सैनिकांना स्वतःच्याच छावणीत गोऱ्यांच्या क्लबात मज्जाव होता. लष्करी न्यायालयांत काळ्या शिपायांची बाजू मांडता मांडता ब्रूक यांना वकिलीची गोडी लागली. (महार बटालियनच्या इतिहासाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हा विरोधाभास नवा वाटणार नाही.) युद्धानंतर ते बॉस्टनला आले, कायदा शिकले आणि तिथेच वकिली सुरू केली.

१९५० आणि १९५२ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळासाठी उभे राहिले आणि पडले. १९६० मध्ये राज्याच्या सेक्रेटरी पदासाठी उभे राहिले आणि पुन्हा पडले. त्या वेळी त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचे आडनाव होते व्हाइट. ‘व्हाइटला मत द्या’ अशा चिकटपट्ट्या मोटारींवर झळकल्या. व्हाइट हे उमेदवाराचे आडनाव होते हे खरे. पण त्या शब्दाचा दुसरा अर्थ कोणत्या मतदाराला कळला नसेल? आपल्याकडे ‘आपल्या माणसाला मत द्या’ असे पारावर बसून कुणी म्हणाले की ‘आपला’ या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही, तसेच हे. १९६२ मध्ये मात्र ब्रूक राज्याचे ॲटर्नी जनरल झाले आणि १९६४ मध्ये पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी त्यांच्या पक्षाने नागरी हक्कांच्या कायद्याला विरोध करणाऱ्या बॅरी गोल्डवॉटर यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केले, तेव्हा ब्रूक यांनी त्यांना पाठिंबा द्यायला नकार दिला. पक्षात राहून पक्षाच्या उमेदवाराला नाही म्हणण्याची त्यांची ही सवय पुढेही दिसते.

पण या यशाची एक किंमत होती. ॲटर्नी जनरल असताना बॉस्टनच्या काळ्या पालकांनी शाळांतल्या वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार पुकारला, तेव्हा मुलांना शाळेबाहेर ठेवणे कायद्याला धरून नाही असा सल्ला ब्रूक यांनी दिला. १९६६ च्या प्रचारात स्टोकली कारमायकेल यांची ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा देशभर गाजत होती आणि गोरे मतदार बिथरले होते. ब्रूक यांनी कारमायकेल आणि जॉर्जियातले वर्णद्वेषी लेस्टर मॅडॉक्स यांना एकाच मापाने मोजले; दोघेही टोकाचे, दोघेही नकोत, असे सांगितले. हे मला आजही खटकते. हक्क मागणारा आणि हक्क नाकारणारा यांना एका तागडीत घालणे हा न्याय नव्हे. तो मतदाराला दिलेला दिलासा होय. निवडून आल्यावरही त्यांनी स्पष्ट केले की, आपण निग्रोंचे राष्ट्रीय पुढारी व्हायला आलेलो नाही, आपण मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर आहोत.

मी इतिहास शिकवतो. बी. ए. च्या वर्गात हा भाग आला की एक-दोन विद्यार्थी हमखास म्हणतात, ‘सर, हा तर चमचा!’ मी त्यांना थांबवत नाही, कारण शब्द त्यांनी आपल्याच अनुभवातून आणलेला असतो. मी फक्त फळ्यावर १९६७ ते १९७२ अशी सहा वर्षे लिहितो आणि त्या माणसाने त्या सहा वर्षांत काय केले ते एकेक करून लिहून काढायला सांगतो.

१९६७ च्या उन्हाळ्यात नेवार्क आणि डेट्रॉइट पेटले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दंगलींच्या चौकशीसाठी अकरा जणांचा आयोग नेमला. त्यात काळे दोनच, रॉय विल्किन्स आणि ब्रूक. दंगलीला कुठलाही कट जबाबदार नाही, गोऱ्यांचा वर्णद्वेष जबाबदार आहे, असा निर्वाळा त्या आयोगाने दिला. सरकारी कागदावर असे वाक्य येणे सोपे नव्हते. १९६८ च्या आरंभी ब्रूक यांनी मिनेसोटाच्या वॉल्टर माँडेल यांच्यासह घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वर्णभेद करण्यावर बंदी घालणारी दुरुस्ती मांडली. युद्धावरून परतल्यानंतर केवळ वर्णामुळे स्वतःच्या कुटुंबासाठी हवे ते घर आपल्याला घेता आले नाही, ही गोष्ट त्यांनी सिनेटमध्ये उभे राहून सांगितली. दक्षिणेचे सिनेटर लांबणीची भाषणे करून विधेयक मारू पाहत होते. चर्चा थांबवण्याचे तीन प्रयत्न फसले. चौथा ४ मार्च १९६८ रोजी ६५ विरुद्ध ३२ मतांनी यशस्वी झाला. एका महिन्याने किंग यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला कायद्यावर सही झाली. अंमलबजावणीचे दात त्या कायद्याला दिले गेले नव्हते. ते १९८८ मध्ये थोडेफार मिळाले. पण गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना ‘घर कुठे घ्यावे’ हा प्रश्न किती मुळाशी जातो हे सांगायला नको.

१९६९ मध्ये त्यांनी आणखी एक दुरुस्ती करून घेतली. सरकारी वसाहतींत राहणाऱ्या गरिबांकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त भाडे घेऊ नये, अशी ती तरतूद आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९८१ मध्ये ही मर्यादा ३० टक्क्यांवर नेली गेली. या दुरुस्तीत ‘काळा’ हा शब्द कुठेही नाही. तिचा लाभ गरीब गोऱ्यांनाही झाला, काळ्यांनाही झाला. ब्रूक यांच्या राजकारणाची सारी रीत या एका उदाहरणात सापडते.

आणि मग कार्सवेल प्रकरण. निक्सन यांनी दक्षिणेतल्या गोऱ्यांना खूश करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयावर आधी हेन्सवर्थ यांना नेमू पाहिले. ब्रूक विरोधात गेले आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये ती नेमणूक ५५ विरुद्ध ४५ मतांनी फेटाळली गेली. मग निक्सन यांनी कार्सवेल यांचे नाव पुढे केले. या गृहस्थांनी १९४८ मध्ये एका निवडणुकीच्या भाषणात गोऱ्यांच्या वर्चस्वाचा उघड पुरस्कार केला होता. स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध या लढ्यात ब्रूक आघाडीवर राहिले. एप्रिल १९७० मध्ये कार्सवेल ५१ विरुद्ध ४५ मतांनी पडले. १९७२ च्या उन्हाळ्यात, म्हणजे ऐन निवडणुकीच्या तोंडावर, व्हिएतनाम युद्धाचा पैसा तोडण्याची ब्रूक यांची दुरुस्ती सिनेटने काठावरच्या बहुमताने मंजूर केली. पुढे तिचा कायदा होऊ शकला नाही. पण युद्धाला विटलेल्या राज्याला आपला सिनेटर कुठे उभा आहे ते कळले.

अशी वही भरली की वर्गातला ‘चमचा’ हा शब्द मागे पडतो. मग मी विचारतो: राखीव जागेवरून गेलेल्या आपल्या किती प्रतिनिधींनी आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांची किंवा मुख्यमंत्र्यांची नेमणूक सभागृहात पाडली?

१९७२ च्या प्रचाराकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. मॅसॅच्युसेट्स हे डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्य, आणि तिथले मतदार बव्हंशी कॅथलिक: आयरिश, इटालियन. ब्रूक प्रॉटेस्टंट, रिपब्लिकन आणि काळे. म्हणजे तिन्ही अर्थांनी अल्पसंख्य. त्यांची पत्नी युद्धकाळात भेटलेली इटालियन स्त्री होती आणि इटालियन वस्त्यांत त्याचा त्यांना उपयोग झाला. त्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन ड्रोनी होते, मिडलसेक्स जिल्ह्याचे सरकारी वकील. ब्रूक यांचे भांडवल म्हणजे सहा वर्षांचे काम. भाड्याची मर्यादा, युद्धाला विरोध आणि पक्षाच्या मालकाला नाही म्हणण्याची तयारी एवढ्यावर त्यांना मते मिळत होती. १९६६ मध्ये सुमारे ६१ टक्के मिळाली होती, ती १९७२ मध्ये सुमारे ६४ टक्के झाली. ड्रोनी यांना सुमारे ३५ टक्के. म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन नकोत असे ठरवलेल्या लाखो गोऱ्या मतदारांनी निक्सन यांच्या पक्षाचा काळा सिनेटर मात्र हवा असे ठरवले.

याचा अर्थ मॅसॅच्युसेट्समधून वर्णद्वेष नाहीसा झाला होता असा काढायचा का? त्या राज्याला आपल्या इतिहासाचा मोठा अभिमान. गुलामगिरीविरुद्ध गॅरिसन यांनी ‘लिबरेटर’ हे पत्र १८३१ मध्ये बॉस्टनमध्ये काढले. काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांचा जन्म याच राज्यातला. १९४६ मध्ये अस्पृश्यांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेण्याच्या विचारात असताना बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले ते हेच दु बॉइस. ज्या अमेरिकन लोकांनी गुलामगिरीविरुद्ध काम केले त्यांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्यांतले कितीतरी लोक या राज्यातले होते. असे हे पुरोगामी राज्य. आणि ब्रूक यांना ६४ टक्के मते दिल्यानंतर दोन वर्षे उलटायच्या आत, सप्टेंबर १९७४ मध्ये, न्यायालयाच्या आदेशाने काळी मुले बसमधून गोऱ्यांच्या शाळांत जाऊ लागली, तेव्हा दक्षिण बॉस्टनमध्ये त्या बसगाड्यांवर दगड पडले.

काळा सिनेटर चालतो. काळे पोर शेजारच्या बाकावर चालत नाही. सिनेटर वॉशिंग्टनला असतो. पोर आपल्या गल्लीत येते. प्रतिनिधित्वाचे आणि समतेचे नाते किती सैल असते हे याहून स्पष्ट कशाने दिसणार? आपल्याकडे तेच वर्ष आठवून पाहा. जानेवारी १९७४ मध्ये दक्षिण-मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार पुकारला आणि वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दंगल पेटली. चार वर्षांनी, जुलै १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला, आणि त्याच रात्रीपासून मराठवाड्यात आपली घरे जळू लागली. सभागृहातले एकमत आणि गावातली आग यांना एकमेकांची अडचण झाली नाही.

इथे ब्रूक यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बसगाड्यांच्या प्रश्नावर त्यांनी लपायला जागा असूनही लपण्याचे टाळले. ज्या मतदारांनी दोन वर्षांपूर्वी डोक्यावर घेतले होते तेच आता संतापले होते. तरी शाळांच्या एकत्रीकरणाला खीळ घालणाऱ्या दुरुस्त्यांना ते सिनेटमध्ये विरोध करीत राहिले. १९७५ मध्ये अशी एक दुरुस्ती आणली डेलावेरच्या तरुण डेमोक्रॅटिक सिनेटरने, जो बायडन यांनी. तिच्याविरुद्धही ते उभे राहिले. त्याच वर्षी मतदान हक्क कायद्याला मुदतवाढ मिळवून देण्यात ते पुढे होते. त्याआधी, ४ नोव्हेंबर १९७३ रोजी, वॉटरगेट प्रकरणी निक्सन यांनी राजीनामा द्यावा अशी जाहीर मागणी करणारे ते पहिले रिपब्लिकन सिनेटर ठरले. लोकप्रियता हे कमावून ठेवलेले धन मानले, तर ब्रूक यांनी ते कुलपात ठेवले नाही. वेळ आली तेव्हा खर्च केले. माझ्या मते प्रतिनिधीची खरी पारख इथे होते. मते कुणाची मिळाली हे विचारावेच. पण ती मते कुणासाठी पणाला लावली हेही विचारावे.

मग उत्तर अपुरे कुठे पडते?

१९७८ मध्ये ब्रूक पडले. घटस्फोटाचा गाजावाजा झाला, त्यातून त्यांच्या आर्थिक व्यवहारांविषयी दिलेल्या चुकीच्या निवेदनाचा बोभाटा झाला, स्वपक्षातल्या उमेदवाराने दमवले, आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे पॉल साँगस यांनी त्यांना ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी हरवले. राजकारणात असे पराभव होतात. पण त्यानंतर काय झाले ते पाहा. जानेवारी १९७९ ते जानेवारी १९९३, तब्बल चौदा वर्षे, शंभर जणांच्या सिनेटमध्ये एकही काळा सदस्य नव्हता. इलिनॉयच्या कॅरोल मोझ्ली ब्राऊन आल्या तेव्हा तो खंड संपला. कोट्यवधी काळ्यांचे सिनेटमधले प्रतिनिधित्व एका माणसाच्या घरगुती वादावर टांगलेले होते, हा याचा अर्थ. ब्रूक यांच्या मागे काळ्यांची संघटना नव्हती. तीन टक्क्यांच्या राज्यात ती असून पुरलीही नसती. १९७१ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या काळ्या सदस्यांनी आपला स्वतंत्र गट स्थापन केला, त्यातही ब्रूक नव्हते. १९७२ च्याच मार्चमध्ये गॅरी या शहरात हजारो काळे प्रतिनिधी जमून स्वतंत्र राजकीय वाटेची चर्चा करीत होते. त्याच वर्षी शर्ली चिझम राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडत होत्या. त्यांच्या पाठीशी ब्रुकलिनमधली काळ्यांची वस्ती होती. त्या हरल्या तरी वस्ती जागेवर राहिली. ब्रूक हरले तेव्हा मागे काही राहिले नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि १४८ राखीव जागा संयुक्त मतदारसंघातून आल्या. प्राथमिक फेरीत फक्त अस्पृश्यांनी चार उमेदवार निवडायचे आणि अखेरच्या फेरीत सर्वांनी त्यांतून एक निवडायचा, एवढी एक खिडकी त्या करारात ठेवली होती. बाबासाहेबांनी तिचेही मर्म दाखवून दिले: आपल्या लोकांत पहिला आलेला उमेदवार सर्वांच्या मतांत पडू शकतो, आणि शेवटचा आलेला निवडून येऊ शकतो. घटना लागू झाल्यावर ती खिडकीही बंद झाली. १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर घटनेचे शिल्पकार काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकर यांच्याकडून हरले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा हरले. १९५५ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने विधिमंडळांतल्या राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. हा ठराव आपण फारसा आठवत नाही. गैरसोयीचा आहे.

मॅसॅच्युसेट्स आणि आपला राखीव मतदारसंघ यांत एक मोठा फरक आहे. ब्रूक यांच्यासमोर गोरा उमेदवार होता. गोऱ्या मतदाराला ठरवायचे होते: काळा की गोरा? आपल्या राखीव जागेवर सारेच उमेदवार अनुसूचित जातींतले. त्यामुळे सवर्ण मतदारासमोर ‘दलित की सवर्ण’ हा प्रश्नच येत नाही. ‘कोणता दलित?’ एवढेच त्याला ठरवायचे असते, आणि जो कमी अडचणीचा तो त्याला बरा वाटतो. आमच्या तालुक्यातल्या एका राखीव जागेचा प्रचार मी जवळून पाहिला. उमेदवार संध्याकाळी बौद्धवाड्यात आला की ‘जय भीम’ने गळा बसायचा, तिथून गावात गेला की देवळापुढच्या सभेत तोच शब्द गिळायचा. बौद्धवाड्याची मते विभागली जातील हे त्याच्या पक्षाला ठाऊक होते. निकाल गावात लागणार होता, आणि लागलाही.

म्हणून मला वाटते, दोन्हीकडचे अपुरेपण वेगवेगळे आहे आणि एकमेकांवर प्रकाश टाकणारे आहे. त्यांच्याकडे माणूस होता, जागा नव्हती. माणूस गेला आणि चौदा वर्षे सारे रिकामे. आपल्याकडे जागा आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत महाराष्ट्राला लोकसभेच्या ५ आणि विधानसभेच्या २९ जागा अनुसूचित जातींसाठी मिळाल्या. कोणी पडो, कोणी निवडून येवो, जागा रिकामी राहत नाही. पण जागा भरलेली असणे आणि आवाज असणे यांत अंतर आहे. नोकऱ्यांतल्या आणि शिक्षणातल्या आरक्षणावर रस्तोरस्ती भांडणे होतात, न्यायालयांत दावे पडतात. कायदेमंडळांतल्या राखीव जागांची मुदत मात्र दर दहा वर्षांनी बिनबोभाट वाढते. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २०३० पर्यंत नेली. प्रस्थापित पक्षांना ज्याचा त्रास होत नाही त्याला ते विरोध कशाला करतील?

यावर राखीव जागा सोडून द्याव्यात असे मी म्हणत नाही. ब्रूक यांच्यानंतरची चौदा रिकामी वर्षे समोर असताना तसे म्हणणे हा अविचार ठरेल. बहिष्कार हाही कायमचा मार्ग नव्हे. ज्या ब्लॅक पँथरकडून आपण नाव घेतले तिचे बॉबी सील १९७३ मध्ये ओकलंडच्या महापौरपदासाठी निवडणुकीला उभे राहिले आणि घरोघर फिरले. प्रश्न निवडणुकीच्या दोन दिवसांमधल्या काळाचा आहे. प्रतिनिधी कोणत्याही मतांवर आला तरी पाच वर्षे त्याला आपल्यासमोर उभे करून हिशेब मागणारी जागती संघटना वस्तीत असली, तर संयुक्त मतदारसंघातूनही थोडे काही मिळते. ती नसली तर ब्रूक यांच्यासारख्या नेकीच्या माणसाचे कामही त्याच्याबरोबर संपते. आणि नेकी नसलेल्याचे तर सुरूच होत नाही.

ब्रूक ३ जानेवारी २०१५ रोजी पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले. त्यांची सहा वर्षे फळ्यावर लिहिता येतात, कारण सिनेटमधले प्रत्येक मत नावानिशी छापलेले आहे. आपल्या विधानसभेची कार्यवृत्तेही छापली जातात. लोकसभेतले प्रश्न आणि भाषणे कुणालाही पाहता येतात. माझी या अंकाच्या वाचकांना, विशेषतः महाविद्यालयांतल्या अभ्यासमंडळांना, एवढीच सूचना आहे की प्रत्येकाने आपल्या भागातली एक राखीव जागा घ्यावी. तिथल्या प्रतिनिधीने गेल्या मुदतीत किती प्रश्न विचारले, अत्याचारांच्या किती घटनांवर तो उभा राहिला, गायरानाच्या आणि शिष्यवृत्तीच्या प्रश्नावर काय बोलला, आणि पक्षाच्या इच्छेविरुद्ध एकदा तरी बोलला का, हे उतरवून काढावे. मग तो कागद पुढच्या निवडणुकीआधी बौद्धवाड्यात, मातंगवाड्यात, चांभारवाड्यात मोठ्याने वाचावा, आणि गावातल्या पारावरही वाचावा. कागद कोरा निघाला, तरी वाचावा.